स्टेअरिंग जड झालंय? रॅक बदलण्याआधी या क्रमाने तपासा

स्टेअरिंग जड लागतंय म्हणून गाडी गॅरेजमध्ये नेली की फार वेळ न जाता एक वाक्य कानावर येतं: “भाऊ, रॅक गेला.” रॅक म्हणजे पुढच्या चाकांना वळवणारी दातेरी पट्टी, पॉवर स्टेअरिंगमधल्या सगळ्यात महागड्या भागांपैकी एक. तो जातो, हे खरंच. पण त्याच्याआधी टायरमधली हवा, ऑइलची पातळी, इंजिनचा पट्टा (बेल्ट), पाइपच्या क्लिपा, बॅटरीचे टर्मिनल अशी कितीतरी स्वस्तातली कारणं बघायची असतात, आणि त्यातली बरीचशी तुम्ही घरच्या पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन बघू शकता. इनोव्हा, स्कॉर्पिओ, सफारी, फॉर्च्युनर, एक्सयूव्ही अशी पावणेदोन-दोन टनांची गाडी घरात असलेल्यांसाठी हा लेख आहे. तपासणीचा क्रम मोडू नका. क्रम मोडला की चांगला भाग बदलला जातो आणि बिघाड तिथेच राहतो.

चालत्या गाडीत जड झालं तर

पॉवर स्टेअरिंग बंद पडलं म्हणजे गाडी हातातून गेली, असं नाही. हातातलं चाक आणि पुढची चाकं यांच्यात लोखंडी दांडा आणि दातेरी पट्टीची थेट जोडणी असते. बंद पडते ती फक्त मदत. गाडी वळते, पण जोर लागतो, आणि वेग जितका कमी तितका जोर जास्त. नागपूरच्या वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर सरळ चालताना फारसं काही जाणवणार नाही. खाली उतरून चौकात वळायला गेलात की चाक हलता हलणार नाही. खरा धोका तिथे आहे, कारण माणूस नेहमीच्या अंदाजाने वळवतो आणि गाडी वळण सोडून बाहेर जाते.

त्यामुळे दोन्ही हातांनी चाक घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, हॅझर्ड लाइट लावा आणि वळण टाळून, शक्य तितकं सरळ जात हळूहळू डावीकडे या. वळावंच लागलं तर नेहमीपेक्षा आधी वळवायला सुरुवात करा. चालत्या गाडीत इंजिन बंद करू नका, आणि चावी तर मुळीच काढू नका. स्टेअरिंग लॉक झालं तर मग काहीच करता येणार नाही.

बाजूला येता येता डॅशबोर्डवर एक नजर टाका. सगळे दिवे एकदम लागले असतील तर इंजिनच बंद पडलंय. अशा वेळी ब्रेकही कडक होतो. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये एक-दोनदा दाबण्यापुरती मदत शिल्लक असते, म्हणून पेडल पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच, ठामपणे दाबून ठेवा. न्यूट्रल करून इंजिन सुरू होतं का बघा.

स्टेअरिंग जड, सोबत बॅटरीचा लाल दिवा, आणि थोड्या वेळात तापमानाचा काटा वर जाऊ लागला, तर पट्टा तुटला किंवा निसटला आहे असं समजा. बऱ्याच गाड्यांत एकाच पट्ट्यावर पॉवर स्टेअरिंगचा पंप, अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप चालतो. इथे ‘घर जवळच आहे, जाऊ हळूहळू’ हा विचार करू नका. बाजूला उभं राहून लगेच इंजिन बंद करा, नाहीतर स्टेअरिंगच्या छोट्या कामाचं इंजिनच्या मोठ्या कामात रूपांतर होईल.

फक्त स्टेअरिंगच्या चित्राशेजारी उद्गारचिन्ह असलेला दिवा लागला असेल, तर बिघाड विजेवर चालणाऱ्या यंत्रणेत आहे. त्याबद्दल पुढे येतंच.

समृद्धी महामार्गावर, जिथे गाड्या १२०ने येतात, तिथे बिघडलेल्या गाडीत बसून राहणं फार धोक्याचं. गाडी अगदी डाव्या कडेला घ्या, रिफ्लेक्टर त्रिकोण बराच मागे ठेवा आणि मुलाबाळांसह सगळ्यांना रेलिंगच्या पलीकडे उभं करा. मदतीसाठी ११२ कुठूनही लागतो. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३.

आणखी एक गोष्ट. जड होणं वेगळं आणि सैल होणं वेगळं. चाक थोडं फिरवलं तरी गाडी दिशा बदलत नसेल, खडखड आवाज येत असेल किंवा चाक हातात डुलत असेल, तर टाय रॉड, बॉल जॉइंट (चाकांना जोडणारे दांडे आणि सांधे) किंवा कॉलमची (स्टेअरिंगच्या दांड्याची) जोडणी संशयात आहे. जड स्टेअरिंगची गाडी गरज पडली तर काळजीपूर्वक जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येते. सैल स्टेअरिंगची गाडी एक चौकसुद्धा पुढे नेऊ नका, टोइंगच बोलवा.

तुमच्या गाडीत कोणती यंत्रणा आहे

बॉनेट उघडा. स्टेअरिंगचं चित्र किंवा ‘पॉवर स्टेअरिंग फ्लुइड’ असं लिहिलेल्या झाकणाची छोटी डबी दिसली तर यंत्रणा हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारी. इनोव्हा क्रिस्टा, स्कॉर्पिओ क्लासिक, जुनी एक्सयूव्ही ५०० या अशा गाड्या. डबी नसेल तर बहुधा इलेक्ट्रिक. स्कॉर्पिओ-एन, एक्सयूव्ही ७००, इनोव्हा हायक्रॉस यांत ती आहे. हॅरिअर आणि सफारी घेणाऱ्यांनी गाडीचं साल बघावं: ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या नव्या रूपात इलेक्ट्रिक आहे, त्याआधीच्यांत हायड्रॉलिक. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला हा फरक आधीच माहीत असावा.

दोन्हींसाठी पहिली तपासणी: टायर

पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर कोणतंही स्टेअरिंग जड लागतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या तक्त्यात हवेचा आकडा असतो; सकाळी टायर थंड असताना तेवढी भरा आणि मगच पुढचं बोला. कंपनीने दिलेल्यापेक्षा रुंद टायर आणि मोठे अलॉय बसवले असतील तर तेही इथेच नोंदवा. दिसायला छान असतात, पण पार्किंगमध्ये त्यांना फिरवायला जास्त ताकद लागते आणि तो भार पंपावर किंवा मोटरवर येतो.

गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंगचं चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. पुढची चाकं हवेत असतानाही ते ठरावीक जागी अडकत असेल, तर कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट किंवा स्ट्रटवरचं बेअरिंग आखडलंय. पॉवर स्टेअरिंगचा त्यात दोष नाही. वळणानंतर चाक आपोआप सरळ येत नाही, ही तक्रारही बऱ्याचदा इथूनच निघते.

हायड्रॉलिक: डबीपासून सुरुवात

इंजिन बंद, गाडी सपाट जागी. झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ फडक्याने पुसून घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडच्या बॉनेटखाली धुळीचा थरच असतो आणि तीच धूळ डबीत पडली तर पंप खराब होतो. डबीवर थंड आणि गरम अशा दोन वेगळ्या खुणा असतात. गाडी नुकतीच चालवली असेल तर गरम खूण बघा.

आता ऑइल नीट बघा. पांढऱ्या कागदावर एक थेंब घ्या. बऱ्याच गाड्यांत एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) म्हणजे लाल ऑइल असतं. लाल, पारदर्शक असेल तर ठीक. तपकिरी झालं असेल तर बदलायची वेळ झाली. काळं आणि जळकट वासाचं असेल तर आतले रबरी सील झिजताहेत. थेंबात धातूची चकाकी दिसली तर पंप आतून झिजतोय. आणि इंजिन चालू ठेवून बघितल्यावर ऑइलवर फेस दिसला, गुलाबी, बारीक बुडबुड्यांचा, तर यंत्रणेत हवा शिरलीय.

या फेसाची एक हकीकत सांगतो. मानेवाड्याला राहणाऱ्या माझ्या मावसभावाची सात सीटर गाडी सकाळी रिव्हर्स काढताना घुंऽऽ असा आवाज करायची, स्टेअरिंग कधी हलकं, कधी जड. खाली एक थेंबही ऑइल पडत नव्हतं, म्हणून एका गॅरेजने लीकेजची शक्यता बाजूला ठेवून थेट रॅकचं एस्टिमेट दिलं. आम्ही डबीत बघितलं तर फेस. डबीतून पंपाकडे जाणारा पाइप हाताने वाकवला तेव्हा क्लिपेजवळ त्याच्यावर बारीक भेगा उघडल्या. रबर उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने कडक झालं होतं. हा पाइप शोषणाच्या बाजूचा. पंप ऑइल ओढतो तेव्हा अशा भेगेतून हवा आत जाते, ऑइल बाहेर येतंच असं नाही. म्हणून खाली डाग नव्हता. नवीन पाइप, नव्या क्लिपा, हवा काढली. आवाज गेला, स्टेअरिंग हलकं झालं. रॅक आजही तोच आहे.

पातळी कमी असेल तर नुसतं टॉप-अप करून विषय संपवू नका. ही बंद यंत्रणा आहे, ऑइल ‘खाल्लं’ जात नाही. कमी झालं म्हणजे कुठेतरी गळतंय. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी डाग बघा: लाल किंवा तपकिरी म्हणजे बहुधा स्टेअरिंगचं ऑइल, पण ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचंही असंच दिसतं, म्हणून डागाची जागा महत्त्वाची. नितळ पाणी एसीचं. हिरवट किंवा गुलाबी, बोटाला चिकट लागणारं ते कूलंट.

मग खालून रॅकच्या दोन्ही टोकांना असलेले रबरी भाते, म्हणजे बूट, बघा. बूट बोटांनी दाबला आणि आत ऑइल डचमळलं, किंवा बूटच्या घड्यांतून ओघळ आला, तर रॅकचे सील गेलेत. रॅक गेला असं म्हणायला हा खरा पुरावा. मेकॅनिकला हेच दाखवायला सांगा. बूट बाहेरून ओला पण आत कोरडा असेल, तर ऑइल वरच्या पाइपमधून ओघळत आलंय.

दाबाच्या पाइपची गळती इंजिन चालू असताना हाताने शोधू नका. स्टेअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर आतला दाब शंभर बारच्या आसपास जाऊ शकतो, आणि सुईएवढ्या छिद्रातून येणारी धार कातडीत शिरते. शिवाय गळणारं ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेऊ शकतं. धुराचा वास आला तर गाडी चालवायची नाही.

पट्टा तपासताना इंजिन बंद आणि चावी खिशात. कडांचे धागे निघालेत का, दात्यांत भेगा आहेत का, पृष्ठभाग चकाकतोय का, हे बघा. पट्टा घसरत असेल तर सकाळी पहिल्यांदा सुरू करताना किंवा टोकापर्यंत वळवताना चीऽऽ असा आवाज येतो. पट्टा बदलताना त्याचा टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग) आणि आयडलर पुलीही (पट्ट्याला वाट देणारं चाकही) हाताने फिरवून बघायला सांगा. खरखर असेल तर नवा पट्टाही फार टिकत नाही.

लक्षणांवरून अंदाज असा बांधा. आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) जड आणि थोडा रेस दिला की हलकं होतंय, तर पंप कमजोर किंवा पट्टा सैल. एकाच बाजूला जड, दुसरीकडे हलकं, तर रॅकमधला व्हॉल्व्ह किंवा सील. दोन्हीकडे सारखंच जड आणि घुंऽऽ आवाज, तर ऑइल कमी किंवा हवा. सकाळी जड, गाडी तापली की हलकं, तर जुन्या रॅकचे आतले सील घासलेत. हा शेवटचा प्रकार महिन्यामहिन्याने वाढत जातो, म्हणून लोक सवय करून घेतात. तसं करू नका.

ऑइल बदलणं आणि हवा काढणं

हे काम घरी होऊ शकतं, पण गाडी फक्त जॅकवर ठेवून नाही. दोन्ही बाजूंना स्टँड हवेत. कोणतं ऑइल, हे झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. लाल एटीएफच्या जागी हिरवं सिंथेटिक, किंवा उलट, घालू नका. सील फुगतात किंवा आक्रसतात. ‘लीकेज बंद करणारं’ म्हणून मिळणारं बाटलीतलं औषधही मी घालू देणार नाही. गाडी विकेपर्यंत ते काम करेल कदाचित, पण त्यानंतर त्या गाडीत दुसऱ्या कुणाची तरी मुलं बसणार आहेत.

डबीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढा. परतीचा पाइप डबीपासून सोडवून रिकाम्या बाटलीत घाला आणि डबीचं ते तोंड बुच लावून बंद करा. इंजिन बंद ठेवूनच चाक हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. जुनं ऑइल बाटलीत येईल. दुसऱ्या माणसाने डबीत नवं ऑइल घालत राहावं, डबी रिकामी होता कामा नये. स्वच्छ लाल धार आली की पाइप परत जोडा.

हवा काढतानाही आधी इंजिन बंद. पंधरा-वीस वेळा टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवा, पातळी भरत राहा. मग इंजिन सुरू करून आयडलवर तसंच करा, पण टोकाला धरून ठेवू नका. फेस दिसला तर इंजिन बंद करून तासभर थांबा, हवा वर येऊ द्या, पुन्हा करा. घाई केली तर आवाज राहतो आणि मग पंपाला दोष दिला जातो. काढलेलं ऑइल नालीत ओतू नका. गॅरेजमध्ये जुन्या ऑइलच्या ड्रममध्ये द्या.

इलेक्ट्रिक: वीज आधी, मोटर नंतर

या यंत्रणेत चाकावर किती जोर पडतोय हे टॉर्क सेन्सर मोजतो, कंट्रोल युनिट हिशेब करतं आणि मोटर मदत देते. ऑइल नाही, पट्टा नाही. पण पार्किंगमध्ये ही मोटर खूप करंट ओढते, आणि व्होल्टेज पडलं की युनिट मदत कमी करतं किंवा बंद करतं. त्यामुळे पहिला संशय बॅटरीवर.

मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे ती अर्ध्यावर आलीय. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसावेत. नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे हा आकडा खालीवर करतो, म्हणून हेडलाइट आणि एसी लावून पुन्हा बघा. मग टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर, सैल नट आणि बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थची वायर. विदर्भातल्या उन्हात बॅटरी लवकर दमते, आणि पहिलं लक्षण स्टार्टरऐवजी कधीकधी स्टेअरिंगवर दिसतं.

स्टेअरिंगचा फ्यूज जाड, बऱ्याचदा बोल्टने बसवलेला असतो. तो उडाला असेल तर जास्त अँपिअरचा लावू नका, तारेने जोडूही नका. तेवढा फ्यूज उगाच उडत नाही.

नवतप्याच्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या) दिवसांत धरमपेठेच्या गल्लीत एवढी मोठी गाडी पुढे-मागे, पुढे-मागे करून लावताना स्टेअरिंग अचानक जड होऊ शकतं. मोटर तापली की युनिट तिला वाचवण्यासाठी मदत कमी करतं. पाच-दहा मिनिटं थांबलात आणि परत हलकं झालं, तर बिघाड असेलच असं नाही. उभ्या गाडीत चाक फिरवण्याऐवजी गाडी किंचित सरकत असताना फिरवा. ही सवय हायड्रॉलिक पंपासाठीही तितकीच चांगली, आणि टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचं नाही, हेही दोन्हींना लागू.

बॅटरी काढून जोडल्यावर दिवा लागला तर घाबरू नका. काही गाड्यांत चाक दोन्ही टोकांपर्यंत एकदा फिरवून थोडं चालवलं की कोनाचा सेन्सर स्वतःची जागा ओळखतो; काहींत स्कॅनर (गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लागतो. दिवा गेला नाही तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. स्टेअरिंगचे कोड बहुधा ‘सी’ने सुरू होतात, वायरिंगमधल्या संवादाचे ‘यू’ने. ‘यू’चे कोड असतील तर मोटर बदलण्याआधी बॅटरी, अर्थ आणि कनेक्टर. कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा. ‘पुसून बघू’ म्हणणाऱ्याला थांबवा.

गाडी पाण्यात बुडाली असेल तर वेगळा विचार हवा. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. ज्यांची मोटर खाली रॅकवर असते, त्यांच्या कनेक्टरमध्ये गेलेलं पाणी लगेच त्रास देत नाही. गंज चढतो आणि काही महिन्यांनी दिवा लागतो. बुडालेली गाडी सुरू न करता बॅटरी सोडवा, विमा कंपनीला फोटोंसह कळवा आणि सर्व्हेत स्टेअरिंगचे कनेक्टर उघडून बघायला लेखी सांगा.

गॅरेजमध्ये बोलताना

आधी वॉरंटी बघा, मग १७ अक्षरी व्हीआयएन (गाडीचा चॅसी क्रमांक) घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये रिकॉल (सदोष भागासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं) आहे का विचारा. रिकॉल असेल तर ते काम मोफत होतं. ‘स्टेअरिंग खराब आहे’ एवढंच सांगू नका. कधी जड होतं, कोणत्या बाजूला, गाडी थंड असताना की गरम, कोणता दिवा, हे जॉब कार्डवर लिहून घ्या. मोठं काम निघालं तर बूटमधलं ऑइल, प्रेशर गेजचा आकडा किंवा कोडचा फोटो, यांपैकी काहीतरी बघितल्याशिवाय होकार देऊ नका. चांगला मिस्त्री हे आनंदाने दाखवतो. जुना भाग परत मागा.

पंप बदलला जात असेल तर पाइप आणि रॅक ऑइलने धुऊन, डबीही जाळीसकट स्वच्छ किंवा नवी करूनच नवा पंप बसवायला सांगा. जुन्या पंपाचा धातूचा चुरा आत राहिला तर नवा पंपही त्याच वाटेने जातो. रॅक किंवा टाय रॉडला हात लागला की व्हील अलाइनमेंट करावीच लागते, आणि स्थिरता नियंत्रण असलेल्या गाडीत कोनाच्या सेन्सरचं कॅलिब्रेशनही.

गाडी ताब्यात घेताना मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारा. सरळ रस्त्यावर चाकाचा मधला दांडा सरळ राहतो का, वळणानंतर चाक स्वतः परत येतं का, दोन्हीकडे सारखाच जोर लागतो का, हे बघा. परत येऊन इंजिन चालू ठेवून डबीत फेस नाही ना, आणि पाइपच्या जोडांवर कोरडं फडकं फिरवून ओल लागत नाही ना, एवढं तपासा. चिखलदऱ्याच्या घाटात लगेच नेऊ नका. आठवडाभर शहरातच चालवा, मग सकाळी थंड गाडीत पातळी पुन्हा बघा. खुणेवरून हलली नसेल तर निघा.